बगदादच्या आधी मर्व : मंगोल स्वाऱ्यांनी इस्लामी जगाचं नेमकं काय नेलं

इस्लामी जगाच्या इतिहासातलं १२५८ हे साल बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं. त्या वर्षी फेब्रुवारीत हुलागू खानाच्या मंगोल फौजांनी बगदाद घेतलं, अब्बासी खलिफाला मारलं आणि पाचशे वर्षं चाललेली तिथली खिलाफत संपली. 'मंगोल आले आणि इस्लामचा सुवर्णकाळ संपला' हे वाक्य मग स्पर्धा परीक्षांच्या टिपणांपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे भेटतं. बगदादचा विनाश खराच होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्या एका वाक्यात एक अख्खा प्रदेश गायब होतो. सगळ्यात खोल घाव बसला तो बगदादच्या सदतीस वर्षं आधी, तिथून दीड हजार किलोमीटरवर, खुरासान नावाच्या मुलखात. तो मुलूख समजून घेतल्याशिवाय परकीय आक्रमणांनी इस्लामी जगाचं काय केलं, हे नीट कळत नाही असं मला ठामपणे वाटतं.

आधी क्रुसेडांचं बोलून घेऊ, कारण 'बाहेरचं आक्रमण' म्हटलं की लोकांना तीच आधी आठवतात. १०९९ मध्ये युरोपातून आलेल्या फौजांनी जेरुसलेम घेतलं, तिथल्या मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल केली आणि भूमध्य समुद्राच्या काठाने चार छोटी राज्यं थाटली. ११८७ मध्ये हत्तीनच्या लढाईनंतर सलाहुद्दीनने जेरुसलेम परत घेतलं आणि १२९१ मध्ये अक्का पडल्यावर क्रुसेडरांचा तिथला शेवटचा मोठा तळही गेला. सीरिया-पॅलेस्टाइनच्या लोकांनी यात फार सोसलं. तरी हे सगळं घडलं एका किनारपट्टीवर. बगदाद, निशापूर, बुखारा इथल्या माणसाच्या रोजच्या आयुष्यात त्याने फारसा फरक पडला नाही. मंगोलांचं तसं नव्हतं. त्यांनी इस्लामी जगाचा पूर्वेकडचा अर्धा भागच उलटापालटा केला.

खुरासान म्हणजे आजचा ईशान्य इराण, दक्षिण तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम अफगाणिस्तान. मर्व, निशापूर, हेरात आणि बल्ख ही त्याची चार मोठी शहरं. चीनकडून येणारा व्यापारी रस्ता इथून जायचा, पण या शहरांचं मोठेपण फक्त व्यापाराचं नव्हतं. मर्वच्या ग्रंथालयांचं वर्णन याकूत अल-हमवी या भूगोलकाराने करून ठेवलं आहे. हा माणूस लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. मालकाने त्याला शिकवलं, आणि पुढे त्याने आयुष्य गावांची, नद्यांची, डोंगरांची माहिती गोळा करण्यात घालवलं. १२१६ च्या सुमारास तो मर्वला आला. तिथे दहा सार्वजनिक ग्रंथालयं होती, त्यातल्या एकात बारा हजारांच्या आसपास ग्रंथ होते. तो लिहितो की, त्याच्या बिऱ्हाडी एका वेळी दोनशे किंवा त्याहून जास्त पुस्तकं असायची आणि बहुतेकांसाठी कुणी अनामतही मागत नसे. एका परगावच्या, परक्या अभ्यासकाला दोनशे पुस्तकं नुसत्या विश्वासावर घरी न्यायला देणारं शहर! तातार, म्हणजे मंगोल, आले नसते तर मी मर्व मरेपर्यंत सोडलं नसतं, असं त्याने म्हटलं आहे. १२२० च्या सुमारास तो जीव मुठीत धरून पळाला आणि पार हलाखीच्या अवस्थेत मोसूलला पोचला.

आता पाण्याचं. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. खुरासानात पाऊस अगदी कमी. मर्वचं सगळं शहर, त्याभोवतीच्या बागा आणि शेती मुरगाब नदीवरच्या बंधाऱ्यावर आणि त्यातून निघणाऱ्या कालव्यांवर उभी होती. निशापूरला पाणी यायचं करेझमधून. डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत खोल विहीर खणायची, तिथून शहराकडे अगदी हलका उतार देत जमिनीखालून बोगदा न्यायचा, आणि वाटेत ठरावीक अंतरावर हवेसाठी व गाळ काढण्यासाठी उभी भुयारं ठेवायची. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकी गावाला पाणी आणलं ते याच घराण्यातल्या तंत्राने. अशा व्यवस्थेची एक अडचण असते. ती बांधायला जेवढी माणसं लागतात, जवळपास तेवढीच ती चालू ठेवायला लागतात. दरवर्षी गाळ काढावा लागतो, ढासळलेला भाग पुन्हा बांधावा लागतो. बोगदा कुठून कसा गेला आहे, कोणतं भुयार कधी बसतं, हे ठाऊक असलेली चार माणसं गावात असावी लागतात. ती चार माणसं गेली की काही वर्षांत पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की उरलेलं गावही उठतं.

या मुलखावर त्या वेळी ख्वारझ्मचा, म्हणजे अमूदर्याच्या खालच्या अंगाच्या प्रदेशाचा, शाह मुहम्मद राज्य करत होता. राज्य मोठं, पण नवं. आतून पोखरलेलं. शाहचं आपल्या आईशी, तुर्कान खातूनशी, पटत नव्हतं आणि सैन्यातले बरेच तुर्की सरदार तिच्या माहेरच्या टोळ्यांचे होते. बगदादच्या खलिफाशी त्याचं उघड वैर होतं. १२१७ मध्ये तो चक्क बगदादवर चाल करून निघाला होता आणि वाटेत बर्फात अडकून परतला. 'इस्लामी जग' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्या जगातली दोन मोठी सत्ताकेंद्रं तेव्हा एकमेकांच्या जिवावर उठलेली होती.

१२१८ मध्ये चंगीझ खानाकडून निघालेला साडेचारशे व्यापाऱ्यांचा तांडा सिरदर्याच्या काठच्या ओत्रार गावी आला. व्यापारी बहुतेक मुसलमानच होते. ओत्रारच्या सुभेदाराने त्यांना हेर ठरवून मारलं आणि माल हडप केला. चंगीझने दूत पाठवून सुभेदाराला आपल्या ताब्यात द्या अशी मागणी केली. शाहने मुख्य दूताला मारलं, बाकीच्यांच्या दाढ्या उतरवून परत पाठवलं. मंगोलांच्या लेखी दूताला हात लावणं हा माफी नसलेला गुन्हा होता. चंगीझच्या मनात आधीपासून पश्चिमेकडे यायचं होतं का, यावर इतिहासकार भांडत राहतील. मला इतकंच दिसतं की, शाहने त्याला कारण आयतं हातात दिलं.

मग शाहने दुसरी चूक केली. मोकळ्या मैदानात एकत्र लढण्याऐवजी त्याने फौज शहराशहरांत विभागून ठेवली. एकत्र आलेले सरदार आपल्यावरच उलटतील ही भीती त्यामागे होती. मंगोलांच्या पथ्यावरच पडलं. चीनच्या मोहिमांत त्यांनी वेढ्याची यंत्रं आणि ती चालवणारे कारागीर मिळवले होते. ते एकेक शहर घेत गेले. आधीच्या शहरात पकडलेली माणसं पुढच्या शहराच्या तटावर ढाल म्हणून पुढे घालायची, खंदक त्यांच्याकडूनच बुजवायचा. शरण आलात तर बहुधा जीव वाचेल, लढलात किंवा शरण येऊन पुन्हा उठलात तर कुणी वाचणार नाही, हा नियम. १२२० च्या फेब्रुवारीत बुखारा पडलं, पाठोपाठ समरकंद. शाह पळत पळत कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर गेला आणि तिथेच मेला. त्याचा मुलगा जलालुद्दीन मात्र शूर निघाला. आजच्या अफगाणिस्तानातल्या परवानला त्याने मंगोलांचा पराभवही केला, पण नोव्हेंबर १२२१ मध्ये सिंधूच्या काठी चंगीझने त्याला गाठलं आणि त्याने घोड्यासकट नदीत उडी टाकून पंजाब गाठला. दिल्लीच्या इल्तुतमिशने त्याला आश्रय दिला नाही. त्याच्या मागोमाग मंगोल दिल्लीवर आले असते, हे ओळखण्याइतका तो धोरणी होता.

खुरासानची मोहीम चंगीझने धाकटा मुलगा तोलुई याच्यावर सोपवली. १२२१ च्या सुरुवातीला मर्वने दरवाजे उघडले. लोकांना शहराबाहेर मैदानात काढलं गेलं. कारागीर वेगळे काढले, काही मुलं गुलाम म्हणून ठेवली, बाकीच्यांना सैनिकांत वाटून दिलं आणि मारलं. त्याच काळातला इतिहासकार इब्न अल-असीर मेलेल्यांचा आकडा सात लाख देतो, मंगोलांच्या पदरी असलेला इराणी इतिहासकार जुवैनी तेरा लाखांच्या वर जातो. एवढी माणसं आसपासची खेडी धरूनसुद्धा तिथे असणं कठीण, त्यामुळे आजचे अभ्यासक हे आकडे जसेच्या तसे घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण आकडा फुगलेला आहे म्हणून घटना लहान होत नाही. कत्तलीतून वाचलेले लोक पुन्हा शहरात जमले, तेव्हा मागून आलेल्या तुकड्यांनी त्यांनाही गाठलं. एकदा नाही, अनेकदा. निशापूरच्या वेढ्यात चंगीझचा जावई मारला गेला होता, त्याची किंमत त्या शहराने एप्रिलमध्ये मोजली. हेरातचे विणकर पार बेशबलिकला, आजच्या शिनजियांगात, नेऊन बसवले गेले. मुरगाबचा बंधारा फोडला गेला. ख्वारझ्मच्या गुरगंजमध्ये अमूदर्यावरचे बांध फोडून शहर पाण्याखाली घातलं.

मोसूलमध्ये बसून इब्न अल-असीर या सगळ्या बातम्या ऐकत होता. इस्लामी जगाचा तो त्या काळातला सगळ्यात मोठा इतिहासकार. त्याने लिहून ठेवलं आहे की, कित्येक वर्षं या घटनांबद्दल लिहिण्याचा त्याला धीर झाला नाही. इस्लामची मृत्युवार्ता लिहिणं कुणाला सोपं जाईल? हे त्याने लिहिलं तेव्हा बगदाद अजून शाबूत होतं. तो वारला १२३३ मध्ये, बगदाद पडण्याच्या पंचवीस वर्षं आधी. त्याच्यासाठी प्रलय म्हणजे मर्व आणि निशापूर. आपल्या आठवणीत बगदाद राहिलं, कारण तिथे खलिफा होता.

बगदादचं दुःख यामुळे कमी होत नाही, पण त्याचं स्वरूप वेगळं होतं. खलिफाची खरी सत्ता दहाव्या शतकातच गेली होती. ९४५ मध्ये बुयी घराण्याने, १०५५ मध्ये सेल्जुक तुर्कांनी बगदाद आपल्या हाताखाली घेतलं. बाराव्या शतकात खलिफांनी थोडी उचल खाल्ली, तरी त्यांचा हुकूम चालायचा तो इराकपुरता. इराकची शेतीही आधीच खालावलेली. बगदादच्या पूर्वेकडच्या शेतीला पाणी देणारा नहरवान कालवा ९३७ मध्ये आपसातल्या लढाईत एका सेनापतीनेच फोडला होता आणि तो पुन्हा पूर्वीसारखा कधी झाला नाही. म्हणजे इराकच्या पाण्याचा सगळा दोष मंगोलांच्या माथी मारता येत नाही.

हुलागू हा चंगीझचा नातू. त्याने आधी १२५६ मध्ये इराणच्या डोंगरांतले, अलमूतचे, निझारी इस्माइली या शिया पंथाचे किल्ले घेतले आणि मग खलिफा अल-मुस्तासिमला शरण यायला सांगितलं. खलिफाने मोठमोठ्या धमक्यांची उत्तरं पाठवली, पण फौज वेळेवर उभी केली नाही. २९ जानेवारी १२५८ ला वेढा पडला, १० फेब्रुवारीला खलिफा शरण आला, आणि मग शहर लुटीला सोडलं गेलं. खुद्द हुलागूने पुढे फ्रान्सच्या राजाला पाठवलेल्या पत्रात दोन लाखांवर माणसं मारल्याचं लिहिलं आहे. खलिफाला सतरंजीत गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली मारलं असं सांगतात. राजघराण्याचं रक्त जमिनीवर सांडू नये ही मंगोलांची रीत होती. तिग्रिस नदी शाईने काळी झाली ही गोष्ट मात्र बरीच नंतरची. ग्रंथालयांची हानी झाली, त्यात शंका नाही. तरी पुष्कळ ग्रंथ वाचले, आणि ते वाचवणाऱ्या माणसाची गोष्ट सरळसोट नाही.

नसीरुद्दीन तूसी हा गणिती आणि खगोलज्ञ अलमूतच्या किल्ल्यांत राहत होता. किल्ले पडल्यावर तो हुलागूच्या पदरी गेला आणि बगदादच्या मोहिमेत त्याच्याबरोबर होता. पुढच्याच वर्षी, १२५९ मध्ये, त्याने हुलागूच्या पैशाने वायव्य इराणच्या अझरबैजान प्रांतातल्या मराघा इथे वेधशाळा सुरू केली. बगदाद आणि इतर ठिकाणचे ग्रंथ तिथे आणले गेले. तिथल्या खगोलज्ञांनी प्राचीन काळचा खगोलज्ञ टॉलेमी याच्या ग्रहगणितातले दोष दुरुस्त करण्याची जी नवी रचना केली, तीच पुढे दमास्कसच्या इब्न अल-शातिरने पूर्णत्वाला नेली. दोनशे वर्षांनी कोपर्निकसच्या गणितात तशाच आकृत्या दिसतात. सुवर्णकाळ १२५८ ला एका दिवसात संपला म्हणणाऱ्यांनी मराघाचं काय करायचं हे सांगायला हवं. तूसीला कुणी गद्दार म्हणतात, कुणी ज्ञान वाचवणारा म्हणतात. मला तो जळत्या घरातून हाताला लागेल ते बाहेर काढणारा माणूस वाटतो. जुवैनीचंही तसंच. अलमूतच्या ग्रंथालयातून निवडक पुस्तकं त्याने काढून घेतली आणि बाकीची जाळायला दिली, नंतर मंगोलांतर्फे तोच बगदादचा सुभेदार झाला. बुखाऱ्यातून निसटलेल्या एका माणसाने शहराची हकिगत सांगितली ती याच जुवैनीने नोंदवली आहे : आले, उकरलं, जाळलं, मारलं, लुटलं, गेले.

पण मंगोल गेले नाहीत, राहिले. परिणामांचा खरा भाग इथून सुरू होतो.

जे राहिले त्यांना आधी राज्य चालवता येत नव्हतं. एकाच वर्षात अनेकदा कर वसूल व्हायचा. अधिकारी आणि दूत वाटेतल्या कुठल्याही घरात मुक्काम ठोकत, खाऊनपिऊन, तोडमोड करून जात. मंगोलांचाच वजीर रशीदुद्दीन याने लिहिलं आहे की, या त्रासापायी लोक आपली घरं मुद्दाम पडकी ठेवू लागले. अझरबैजानातली चांगली जमीन घोड्यांची कुरणं झाली. १२९४ मध्ये तर तिजोरी रिकामी झाली म्हणून तब्रीझमध्ये चीनच्या धर्तीवर कागदी नोटा काढल्या आणि त्या न घेणाऱ्याला मृत्युदंड जाहीर केला. दुकानदारांनी दुकानंच बंद केली, शहरात भाकर मिळेना, आणि काही आठवड्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी गाझान खान गादीवर आला. त्याने इस्लाम स्वीकारला, कराचे दर ठरवून दिले, ओसाड जमीन लावणाऱ्याला सवलती दिल्या. हुलागूचा हा पणतू मशिदी बांधत होता. ज्यांनी खलिफाला मारलं त्यांचं घराणं सदतीस वर्षांत मुसलमान झालं, इस्लामी जगाच्या टिकण्याची याहून मोठी खूण दुसरी नसेल.

पश्चिमेकडे मंगोलांना अडवलं ते इजिप्तच्या मामलुकांनी, ३ सप्टेंबर १२६० ला, पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला. हुलागू तोवर बहुतेक फौज घेऊन मागे फिरला होता, कारण त्याचा भाऊ मोंगके खान वारला होता. त्यामुळे ती लढाई मंगोलांच्या एका तुकडीशी होती, हे खरं. तरीही लढणारे कोण होते ते पाहा. मामलुक म्हणजे विकत घेतलेले गुलाम सैनिक, त्यातले बरेचसे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे किपचाक तुर्क. मंगोलांनी तो गवताळ प्रदेश उद्ध्वस्त केला तेव्हा तिथली मुलं हजारोंनी गुलामांच्या बाजारात आली आणि इजिप्तच्या सुलतानाने ती विकत घेतली. बैबर्स त्यातलाच. त्याच्या एका डोळ्यात फूल होतं म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाने त्याला परत केलं होतं, असं सांगतात. ऐन जालूतनंतर काही आठवड्यांत तो स्वतः सुलतान झाला. १२६१ मध्ये त्याने अब्बासी घराण्यातला एक माणूस कैरोत खलिफा म्हणून बसवला आणि अरबी विद्येचं केंद्र बगदादहून नाईलकाठी सरकलं. वोल्गाकाठचा मंगोल खान बर्के हा मुसलमान होता. बगदादच्या संहाराने चिडून तो चुलतभाऊ हुलागूशीच लढाईला उभा राहिला. कुरणांचं भांडण त्यात होतंच.

जे शहर आधी शरण गेलं ते वाचलं. शिराझच्या अताबेगांनी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांनी, खंडणी कबूल केली आणि सादी या कवीने आपला 'गुलिस्तान' तिथे १२५८ मध्येच पूर्ण केला. अनातोलियात १२४३ मध्ये कोसे दागला सेल्जुकांचा पराभव झाला, त्यांचं राज्य विस्कळीत झालं आणि त्यातून वर आलेल्या लहान लहान संस्थानांपैकी एक म्हणजे उस्मानी तुर्क.

आणि दिल्ली. खुरासान, बुखारा सोडून पळालेले विद्वान, कारागीर, सरदार दिल्लीच्या आश्रयाला आले. दिल्लीचा दरबार फारसी विद्येचा झाला तो बराचसा या लोंढ्यामुळे. मंगोल मात्र पाठ सोडत नव्हते. १३०३ मध्ये त्यांनी अलाउद्दीन खिलजीला सिरीत कोंडून दिल्लीला वेढा दिला. त्यानंतर त्याने प्रचंड खडी फौज उभारली आणि कमी पगारात सैनिकाचं भागावं म्हणून धान्य, कापड, घोडे यांचे भाव बांधून दिले. हाच अलाउद्दीन सुलतान होण्याआधी, १२९६ मध्ये, देवगिरीवर उतरला होता आणि रामदेवरायाकडून मिळालेल्या सोन्याच्या जोरावर त्याने गादी बळकावली होती. उत्तरेला मंगोलांना थोपवणारी त्याची फौज पुढे मलिक काफूरबरोबर दक्षिणेत आली. यादवांचं राज्य संपलं त्या गोष्टीच्या मागे, बऱ्याच लांबवर, सिरदर्याकाठी सुरू झालेली ही उलथापालथही आहे.

म्हणजे नुकसान सगळीकडे सारखं झालं नाही. कैरो, दिल्ली, तब्रीझ, शिराझ वर आले. चीनशी थेट रस्ता खुला झाल्यावर इराणचं कोबाल्ट चीनमध्ये गेलं आणि त्यातून निळ्या-पांढऱ्या चिनीमातीची भांडी घडली. इराणी चित्रकारांच्या ढगांना आणि झाडांना चिनी वळण लागलं. मात्र या लखलखाटाकडे बोट दाखवून 'मंगोलांनी फायदाच केला' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तब्रीझच्या बाजारात चिनी रेशीम मिळत होतं तेव्हा निशापूरच्या बाजूला करेझ गाळाने भरत होते. हम्दुल्ला मुस्तौफी हा चौदाव्या शतकातला हिशेबनीस आपल्याच मंगोल मालकांच्या राज्यातले महसुलाचे आकडे जुन्या आकड्यांशी ताडून पाहत होता. त्याला प्रांतामागून प्रांत घसरलेले दिसले. पुढची हजार वर्षं काही संकट आलं नाही तरी झालेलं भरून निघणार नाही, असं तो लिहून गेला. तो काही शोकगीत रचणारा कवी नव्हता, महसूल खात्यातला माणूस होता.

त्यानंतर १३४७ पासून प्लेग आला, मग तैमूर आला. तैमूर स्वतः मुसलमान, तरी इस्फहान, दिल्ली, बगदाद, दमास्कस यांपैकी एकालाही त्याने सोडलं नाही.

मर्वच्या मुरगाबवर पुन्हा मोठा बंधारा बांधला तो तैमूरचा मुलगा शाहरुख याने, १४०९ च्या सुमारास. कालवे उकरले, लोकांना आणून वसवलं. पण जुन्या शहराच्या तटात पुन्हा वस्ती झाली नाही. नवं मर्व त्याच्या दक्षिणेला, कितीतरी लहान आकाराचं उभं राहिलं.